नवरीच्या दमणीचं चाक

मागच्या उन्हाळ्यात गावाकडून दोन पोरं माझ्याकडे बुलढाण्याला आली. पहिल्या महायुद्धावर गेलेल्या गावच्या माणसांची नावं दगडावर कोरायची आणि तो दगड चावडीपुढे बसवायचा, अशी त्यांची योजना. माझ्या बाबाबद्दल विचारायला आली होती, पण काय लिहायचं ते आधीच ठरवून आली होती. शूर सैनिक, नामांकित कारागीर, कुटुंबवत्सल गृहस्थ. काही चुकलंय का आजी, म्हणाली. मी म्हटलं, काही चुकलेलं नाही. चहा पाजला, वाटेला लावलं, आणि आत येऊन पाहते तर दूध उतू जात होतं. मी विस्तव कमी केला नाही, तशीच बघत उभी राहिले. या वयात इतका राग येतो याची आधी लाज वाटली. मग म्हटलं, लाज मला कशाला? म्हणून हे लिहायला बसले.

मी जन्मभर मास्तरीण होते, त्यामुळे हात शाळेच्या मराठीत चालतो. डोकं फिरलं की वऱ्हाडी येते. या लिखाणात ती येणार, आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव मोताळ्याच्या पुढं, रोहिणखेडच्या वाटेवर. बाबा गावचा सुतार. बाबाला मी तोंडावर तुमी म्हणायची, पण मनात तो नेहमी ‘तो’च राहिला, तेव्हा इथंही तसंच चालू द्या. वखर, तिफण, गाडी, दाराची चौकट, पाळणा, तिरडीचे बांबूसुद्धा, सगळं आमच्याच अंगणातून जायचं. त्या बदल्यात सुगीत प्रत्येक खळ्यावरून आमच्या घरी ज्वारी यायची. हा आमचा हक. हक ज्याच्या नावावर, गाव त्याचं, असं होतं तेव्हा. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, पण आमच्यासाठी सरकार म्हणजे पाटील आणि खळं.

लढाईच्या वेळी पलटणीला सुतार पाहिजे होते. मलकापूरला भरती चालली होती, बाबा तिकडं गेला आणि तिथूनच थेट इराकात, बसऱ्याला. मी तेव्हा लहान होते. परत आला तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, दोनच शिल्लक होती. खेचराच्या गाडीचं चाक उचलताना खालचा टेकू सरकला आणि मधली बोटं गेली. गावात लोक गोळी लागली म्हणून सांगायचे. बाबा ना हो म्हणायचा ना नाही. त्याला सगळे बसऱ्याचे मिस्त्री म्हणायला लागले.

संसारी माणूस होता यात शंका नाही. मायवर त्यानं कधी हात उगारला नाही, आणि त्या काळच्या गावात ही सांगण्यासारखी गोष्ट होती. बाजारातून आला की पिशवीत आमच्यासाठी जिलबी असायचीच. मला ताप आला की त्या अर्ध्या हातानं माझं डोकं चेपत बसायचा. माझ्या पाठची भावंडं जगली नाहीत, तेव्हा मायला धरून रडला, चारचौघांत. अशा माणसानं केसानं गळा कापला तर पोरीनं तोंड उघडायचं कुणाजवळ?

लहानपणीच माझं लग्न झालं आणि नवरा धड ओळखीचा व्हायच्या आत मी विधवा झाले. सासरच्यांनी परत आणून सोडलं. घरी आले तेव्हा बाबाचं काम मोठं जड चाललं होतं. डाव्या हातानं खुंट्या, पाट, लाटणी एवढं जमायचं. गाडीचं चाक जमत नव्हतं. आणि चाक करत नाही तो गावचा सुतार कसला? लोक लढाईवरून आलेला म्हणून सांभाळून घेत होते, पण कुरकुर सुरू झाली होती.

एके दिवशी त्यानं बाभळीचा एक आरा, म्हणजे चाकाची दांडी, माझ्यापुढं टाकला आणि वाकस हातात दिला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. पाय सांभाळ म्हणाला, आणि खुणेच्या रेघेपर्यंत तास. मी तासला. त्यानं दुसरा टाकला. दिवस मावळेपर्यंत माझे तळवे फोडांनी भरले आणि बाबा उंबऱ्यावर बसून हसत होता. इतका हसताना मी त्याला बसऱ्याहून आल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

चाक शिकायला मला बरीच वर्षं लागली. मधला तुंबा, त्यात बसणारे आरे, वरून लाकडी कमानी. आऱ्याला तुंब्यात ठोकायचं ते असं, की तो सैल नको आणि तुंबा फुटायलाही नको. लाकूड पाण्यात मुरवून, सावलीत वाळवून, मगच हातात घ्यायचं. बाबा मापं धरायचा, खुणा करायचा, चुकलं की जिभेनं चक् करायचा. शिव्या कधी दिल्या नाहीत. मला ते काम इतकं आवडलं की सकाळी अंथरुणात हात शिवशिवायचे. खोटं कशाला बोलू, सासर गेल्याचं दुःख मी त्या तासणीत विसरून गेले.

पण हे सगळं मागच्या अंगणात, गोठ्याच्या आडोशाला. गावात कुणाला माहीत नव्हतं. विधवेच्या हातची गाडी कोण घेईल? पोळ्याला जिची पूजा व्हायची, नवरी जिच्यात बसायची, तिला माझा हात लागलेला चालला नसता. म्हणून पुढच्या दारात कुणी आलं की माय खोकायची, मी वाकस ठेवून चुलीपाशी जायची, आणि बाबा तोच वाकस डाव्या हातात घेऊन बसायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री, डाव्या हातालेही काय सफाई आली. बाबा मान खाली घालायचा. मला आत हसू यायचं. बाबाचं नाव होतंय, ते माझंच की, असं वाटायचं.

आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. माझ्यासाठी दोन ठिकाणं चालून आली. त्यातला एक धाड गावाकडचा, स्वतः सुतार, बायको वारलेली, माणूस शांत दिसला. मायच्या मनात होतं. माझ्याही मनात थोडं होतं, आता सांगायला काय जातं. बाबानं नाही म्हटलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुले कायले पाह्यजे पाट? हा वाकस तुहा, हे काम तुहं. मी मेलो तरी तुह्या हाताले काम राह्यते.”

मी त्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बापच बोलत होता. धाडचा माणूस निघून गेला आणि त्याचं दुसरीकडे जमलं.

मग पाटलाच्या पोरीचं लग्न ठरलं, रोहिणखेडला. पाटलानं दमणी करायला सांगितली. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी, छताची गाडी. बैल तिला घेऊन पळतात. नवरी त्यातच सासरी जाणार. दमणीचं चाक म्हणजे सुताराची परीक्षा, वजनाला हलकं आणि तरी दगडाला न डरणारं. त्या हिवाळ्यात मी दुसरं काही केलं नाही. जेवण अर्धं टाकून उठायची. माय म्हणायची, नवरी पाटलाची पोर हाये का तू.

लोहारानं लोखंडी धाव चढवली तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. धाव म्हणजे चाकाभोवतीचं कडं. ती शेणीच्या जाळावर लाल करायची, चाकावर घालायची आणि चारी बाजूंनी पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे एकमेकांत दाबून बसतात. हे काम समोरच्या अंगणात, गडीमाणसांत. मी दाराआड. लाकूड करकरलं, वाफ आत आली, आणि मग एकदम शांत. एकही सांधा तडकला नाही. पुरुष वाहवा करत होते आणि मी भिंतीला टेकून रडत होते, आनंदानं.

लग्न झालं, वरात निघाली. रोहिणखेडच्या अलीकडे नाल्याचा उतार आहे. तिथं दमणी उलटली. जीव कुणाचा गेला नाही, पण नवरी बाहेर फेकली गेली, हातभर हिरवा चुडा फुटला आणि मनगटातून रक्त आलं. नव्या नवरीचा चुडा सासरच्या उंबऱ्याआधी फुटला. पुढचं मी सांगायला नको. दोन्ही घरांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण शोधायला सुरुवात झाली आणि पाटलाच्या आत्याला ते लगेच सापडलं. म्हणे मिस्त्रीच्या घरात विधवा पोर आहे, मागच्या अंगणातून हत्याराचा आवाज येतो आणि मिस्त्री तर बाजारात असतो. बाईनं कधी ऐकलं असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बाबाला बोलावणं आलं.

सगळं गाव होतं. रोहिणखेडची चार माणसंही होती, ती झाडाखाली वेगळी बसली होती. मी बायांच्या मागं, भिंतीशी. बाबाबद्दल मला धाकधूक नव्हती. लढाई पाहिलेला माणूस आहे, काही तरी मार्ग काढेल असं वाटत होतं. पाटलानं ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडार ठेवला. आमच्याकडे बेलभंडार उचलून बोललेलं खोटं असूच शकत नाही. त्यावर भावाभावांच्या वाटण्या मिटायच्या, खुनाचा आळसुद्धा जायचा.

बाबानं त्या अर्ध्या हातानं बेलभंडार उचलला आणि म्हणाला, “माह्या पोरीनं चाकाले कधीच हात लावला नाही.”

खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. भीती वाटली, त्याच्यासाठी. माझ्यासाठी त्यानं केवढं पाप डोक्यावर घेतलं म्हणून मी पदर तोंडात धरला. गावानं आम्हाला वाळीत टाकलं असतं, हक गेला असता, मायनं खायचं काय? हे मला कळत होतं. तिथंच थांबला असता तर मी त्याचे पाय धुतले असते.

पाटलानं विचारलं, “मंग केलं कोणं?”

आता यात विचार करण्यासारखं काय होतं? मी केलं, एवढं म्हणायचं. सगळं गाव इतकी वर्षं तेच मानत होतं. डाव्या हाताची सफाई म्हणून कौतुक करत होतं. पण बाबानं गर्दीत नजर फिरवली आणि म्हणाला, “पुतण्यानं.”

पुतण्या म्हणजे माझा चुलतभाऊ, शेजारच्या घरातला. कुस्त्या बघायच्या आणि पान खायचं, हा त्याचा धंदा. वाकस त्याच्या हातात दिला की लाकडापेक्षा त्याच्या पायाचीच काळजी वाटायची. तो तिथं तोंड उघडं टाकून उभा राहिला. आधी घाबरला, चाकात खोट निघाली तर आपलं काय म्हणून. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

मग दमणी ओढून आणली. पाटलानं चाकं काढायला लावली, लोहारानं आरा आरा ठोकून पाहिला. एकही हलत नव्हता. कमान जागची सरकली नव्हती. लोहार म्हणाला, इतक्या जोरानं उलटली आणि चाक जसंच्या तसं, असं चाक मी पाहिलं नाही. तेव्हा कुठं गाडीवान पुढं आला. बँडवाल्यानं कानाशी वाजवलं, बैल बुजले आणि उतारावर त्याच्या हातून कासरा सुटला, हे त्यानं कबूल केलं. रोहिणखेडची माणसं झाडाखालून उठून जवळ आली. पाटलाचा चेहरा उजळला. त्यानं स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून माझ्या चुलतभावाला बांधला.

तो हसत होता. एवढ्या वेळात त्याला ते चाक आपणच केल्यासारखं वाटायला लागलं असावं. आणि बाबा त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. बायांमध्ये मी उभी होते हे त्याला माहीत होतं. त्यानं इकडं पाहिलं नाही. मीही मग तिथं थांबले नाही.

बाबा घरी आल्यावर भाकरीसुद्धा वाढली नाही मी. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, त्याचं नाव काऊन घेतलं, सोताचं काऊन नाही. वाटलं होतं घाबरला होतो म्हणेल, तोंडातून निघून गेलं म्हणेल. काही म्हटलं असतं तरी मी मानून घेतलं असतं. बाबा आपला पाय चोळत बसला होता. अगदी शांतपणे म्हणाला, “हक आज ना उद्या त्याच्याकडंच जायाचा होता, बाई. गावासमोर नाव लागून गेलं, बरंच झालं.”

म्हणजे हे त्याच्या मनात आधीपासून होतं. धाडच्या माणसाला परत पाठवला तेव्हाही होतं. वाकस तुहा, काम तुहं, असं म्हणत होता तेव्हाही हक पुतण्याचाच होता, मला फक्त सांगितलं नव्हतं. मला घरात ठेवली ती पोर म्हणून नाही, हात म्हणून. लढाईत गेलेल्या बोटांच्या जागी त्यानं मला लावून घेतली होती. हे लिहिताना आजही छातीत दुखतं. मायनं मध्ये पडून पाहिलं. म्हणाली, गडीमाणसाले पुढचं पाहावं लागते, आन् त्यानं तुह्यासाठीच एवढी शपथ खाल्ली. मी तिला म्हटलं, तू तरी त्याची वकिली करू नको. ती चुलीकडं तोंड करून बसली.

त्या दमणीनं चुलतभावाचं नाव झालं. रोहिणखेडहून, मोताळ्याहून माणसं यायला लागली, बसऱ्याच्या मिस्त्रीच्या पुतण्याकडून चाकं पाहिजेत म्हणून. तो आमच्या पुढच्या अंगणात फेटा बांधून बसायचा आणि सगळ्यांना हो म्हणायचा. बाबानं त्याला शिकवायचा प्रयत्न केला. महिनाभरात दोघंही कंटाळले. मग बाबा माझ्याकडं आला. मी दळत होते. जात्यापाशी बसला आणि मोठ्या लाडानं म्हणाला, मांगच्या आंगणात बसत जाय, पहिल्यासारखी. त्याले पुढं बसू दे. काम तं तुहंच हाये.

त्या वेळी मी रडले असते, भांडले असते तर कदाचित त्यानं मला पटवलं असतं. तो पटवण्यात पक्का होता. पण माझा आवाज चढला नाही. मी जातं थांबवलं आणि म्हटलं, “मी चाकाले कधीच हात लावला नाही, बाबा. तुमी बेलभंडार उचलून सांगतलं. आता लावला तं तुमची शपथ खोटी पडन.”

बाबाचा चेहरा पडला. बसऱ्याहून आलेला माणूस, पण त्याला देवाची भीती होती, आणि मी त्याला बरोबर त्याच जागी धरलं होतं. त्यानं जात्याभोवती सांडलेलं पीठ त्या दोन बोटांनी गोळा केलं. मग उठून गेला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही, आणि मी वाकसाला शिवले नाही. सोपं होतं असं समजू नका. अंगणातून ठोकण्याचा आवाज यायचा आणि घाव चुकला की मला आत कळायचं. दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. धावत जावं, हिसकून घ्यावं, असं वाटायचं. मी भाकरी थापत राहायची.

गावच्या मास्तरांच्या बायकोनं मला अक्षरं शिकवली होती. मुलींच्या शाळांसाठी तेव्हा सरकारला मास्तरणी पाहिजे होत्या, आणि तिच्याच खटपटीनं मला अमरावतीला शिकायला जागा मिळाली. लोक काय म्हणतील म्हणून मायनं रडून घेतलं. बाबानं अडवलं नाही. मला मोताळ्याच्या मोटारीपर्यंत सोडायला स्वतः गाडी जुंपली.

गाडी घरचीच, पण चाकं नवी होती, चुलतभावानं केलेली. गावाबाहेर पडलो आणि डावं चाक वाजायला लागलं. एक आरा तुंब्यात सैल होता. चाक फिरलं की खट्, पुन्हा फिरलं की खट्. मला ऐकू येत होतं, बाबालाही येत होतं. त्याची पाठ माझ्याकडं होती, पण प्रत्येक आवाजाला त्याचे खांदे थोडे आवळायचे. गाडी थांबवून पाचर मारली असती तर काम झालं असतं. पाचर माझ्या हाताला सेकंदात जमली असती, त्याच्या हाताला ती धरताच येत नव्हती. वाटेत आम्ही दोघांनी त्या आवाजाखेरीज काहीच ऐकलं नाही.

मोताळ्याला मोटार उभी होती. त्यानं माझी पेटी खाली उतरवली, त्या दोन बोटांत अडकवून. मग चाकापाशी गेला, आऱ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “आरा ढिला हाये का वं?”

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच उघड्यावर, चार माणसांच्या देखत चाकाबद्दल विचारलं होतं. त्याला माझ्याकडून काय पाहिजे होतं ते मला समजलं. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, “मले काय समजते त्यातलं?” आणि मोटारीत जाऊन बसले.